जुनी मालमोटार : नोंदणी, विमा आणि व्यवहारातील शब्द

१. विषयाची मांडणी

वाहनाचे वय आणि वाहनाचे काम या दोन भिन्न गोष्टी आहेत. व्यवहारात त्या एकमेकींत मिसळतात. कायद्यात मात्र त्यांची फारकत काटेकोरपणे केलेली असते. पन्नास वर्षांपूर्वीची एखादी खाजगी मोटार आज शोभेची वस्तू ठरते, तिला वेगळी क्रमांक-पाटी मिळते आणि विम्याच्या हप्त्यात सूटही मिळते. त्याच वयाची मालमोटार मात्र कापूस, सोयाबीन किंवा विटा वाहून नेत असेल, अथवा रस्त्यात बंद पडलेले दुसरे वाहन ओढून आणीत असेल, तर तिच्या वयाची दखल गौरवासाठी घेतली जात नाही. ती घेतली जाते अधिक शुल्कासाठी. हा भेद कसा उत्पन्न झाला आणि तो कितपत योग्य आहे, याचा विचार वऱ्हाडातील एका लहान गावाच्या संदर्भात येथे केला आहे.

ते गाव म्हणजे वाशीम जिल्ह्याच्या मालेगाव तालुक्यातील जऊळका. सरकारी दफ्तरात त्याच्या नावापुढे 'रेल्वे' हे उपपद लागते, कारण अकोला–पूर्णा लोहमार्गावरील ते एक स्थानक आहे. स्वातंत्र्योत्तर काळात पूर्ण झालेला खांडवा–हिंगोली हा मीटरगेज मार्ग या गावावरून गेला. पुढे अकोला–पूर्णा भागाचे रुंदीकरण होऊन २००८ मध्ये तो ब्रॉडगेज झाला. मधल्या काळात अकोल्यास दोन रुळांची भेट होत असे आणि माल एका वाघिणीतून उतरवून दुसरीत चढवावा लागे. हा खर्च आणि विलंब टाळावयाचा तर शेतापासून थेट बाजारपेठेपर्यंत जाणारे वाहन हवे, आणि ते वाहन म्हणजे मालमोटार. अशा गावात तीन पिढ्या टिकलेली एखादी मालमोटार असेल, तर तिच्या कागदपत्रांत या प्रदेशाचा निम्मा राजकीय इतिहास उमटलेला सापडेल.

२. मोटारीपूर्वीची वाहतूक आणि जोखीम

मालाची ने-आण आणि तिच्यातील धोक्याची हमी या कल्पना मोटारीबरोबर विलायतेहून आल्या, असा एक समज आहे. तो बरोबर नाही. रेल्वेपूर्व काळात वऱ्हाडातील धान्य, मीठ आणि कापूस बंजाऱ्यांच्या तांड्यांनी बैलांच्या पाठीवरून वाहिला. वाशीम जिल्ह्यातील पोहरादेवी हे बंजारा समाजाचे श्रद्धास्थान आहे आणि या समाजाचे प्रदेशाशी असलेले नाते आजही तेथे दिसते. ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे १८६७ मध्ये नागपुरास पोहोचली आणि तांड्यांचा लांब पल्ल्याचा व्यापार ओसरला. रेल्वेच्या स्थानकापर्यंतचा टप्पा मात्र बैलगाडीकडे राहिला.

या जुन्या व्यवहारातील दोन शब्द विशेष बोलके आहेत. पहिला 'हुंडेकरी'. एका गावाहून दुसऱ्या गावी माल पोहोचविण्याचा, वाटेतील जकाती व खर्च यांसह, ठोक रकमेत मक्ता घेणारा तो हुंडेकरी. त्याच्या कराराला 'हुंडाभाडे' म्हणत. मालाच्या मालकाला वाटेतील प्रत्येक नाक्याची चिंता राहत नसे, ती हुंडेकऱ्याची. दुसरा शब्द 'जोखमी हुंडी'. या हुंडीचे पैसे माल सुखरूप पोहोचला तरच देय होत. माल बुडाला तर हुंडी घेणाऱ्याचे पैसेही बुडत. कर्ज आणि विमा या दोहोंचे काम ही एकच चिठ्ठी करीत असे. 'विमा' हा शब्द फारसीतून आलेला आहे आणि इंग्रजी कंपन्यांच्या आगमनापूर्वीच तो येथील सावकारी भाषेत रुळलेला होता.

तथापि या जुन्या व्यवस्थेत एक उणीव होती आणि पुढील विवेचनाच्या दृष्टीने ती महत्त्वाची आहे. जोखीम होती ती मालाची. गाडीखाली सापडणाऱ्या वाटसरूची जोखीम कोणीच घेत नव्हते. बैलगाडीच्या वेगात तशी गरजही फारशी भासली नाही. मोटारीने वेग आणला आणि त्याबरोबर व्यवहारात एक तिसरा माणूस आला.

३. नोंदणी : एक गाव, चार राज्ये

मुंबई इलाख्यात मोटारींविषयीचा पहिला कायदा १९०४ साली झाला. अखिल भारतीय स्वरूपाचा कायदा १९१४ चा. त्याने प्रत्येक मोटारीची नोंदणी आणि प्रत्येक चालकाचा परवाना सक्तीचा केला. विम्याचा त्यात उल्लेख नव्हता.

वऱ्हाडाची स्थिती या काळात निराळीच होती. १९०२ च्या करारान्वये निजामाचे नाममात्र सार्वभौमत्व कायम ठेवून हा प्रदेश इंग्रजांकडे कायमच्या पट्ट्याने आला आणि १९०३ पासून मध्य प्रांताशी जोडला गेला. तांत्रिक दृष्ट्या तो ब्रिटिश हिंदुस्थान नव्हे. त्यामुळे तेथे कायदे स्वतंत्र अधिसूचनेने लागू करण्याची पद्धत पडली, आणि १९४१ चा वऱ्हाड कायदे अधिनियम करून ही विसंगती बऱ्याच अंशी दूर करावी लागली. १९०५ मध्ये वाशीम जिल्हा मोडण्यात येऊन वाशीम व मंगरूळ हे तालुके अकोला जिल्ह्यात आणि पुसद तालुका यवतमाळ जिल्ह्यात गेला. पुढे जवळजवळ शतकभर येथील वाहनधारकाची जिल्हा कचेरी अकोल्यास राहिली. १ जुलै १९९८ रोजी वाशीम पुन्हा जिल्हा झाला.

राज्येही बदलत गेली. जऊळका प्रथम मध्य प्रांत व वऱ्हाडात होते; १९५० पासून नागपूर राजधानी असलेल्या मध्य प्रदेशात; १ नोव्हेंबर १९५६ पासून द्वैभाषिक मुंबई राज्यात; आणि १ मे १९६० पासून महाराष्ट्रात. नव्याने नोंदल्या जाणाऱ्या वाहनाच्या पाटीवरील अक्षरे त्या त्या वेळच्या राज्याची असत. मध्य प्रांताचे चिन्ह 'सीपी' होते, मुंबई राज्याची अक्षरे 'बी'ने सुरू होत, महाराष्ट्राची 'एम'ने. १ जुलै १९८९ रोजी १९८८ चा मोटार वाहन अधिनियम अंमलात आला आणि राज्याची दोन अक्षरे व कचेरीचा क्रमांक ही आजची पद्धत सुरू झाली. त्यात अकोल्याकडे एमएच-३० आणि पुढे वाशीमकडे एमएच-३७ हे चिन्ह आले. गाव जागचे हलले नाही; त्याच्या वाहनांची नावे मात्र चारदा बदलली.

येथे एक भाषिक गोष्ट नोंदण्यासारखी आहे. १९८९ च्या केंद्रीय नियमांनी क्रमांक-पाटीवरील अक्षरे इंग्रजी आणि अंक अरबी असावेत, असे ठरविले. महाराष्ट्राची राजभाषा मराठी करणारा अधिनियम १९६४ चा असला, तरी वाहनाच्या कपाळी मराठीला जागा मिळाली नाही. ती मराठीने बोलण्यात मिळविली. कायदा ज्याला 'नोंदणी' आणि 'योग्यता प्रमाणपत्र' म्हणतो, त्या दोहोंना वऱ्हाडी माणूस 'पासिंग' हा एकच शब्द वापरतो. 'गाडी पासिंगला नेली' म्हणजे निरीक्षकापुढे उभी केली. 'सदतीस पासिंगची गाडी' म्हणजे वाशीमला नोंदलेली. इंग्रजीत क्रियावाचक असलेला शब्द येथे एकदा क्रियेचे आणि एकदा ओळखीचे नाव झाला आहे. हा घोटाळा नसून अचूकपणा आहे. मालवाहू वाहनाच्या बाबतीत कायदाही नेमके हेच सांगतो : योग्यता प्रमाणपत्र नसेल तर त्या वाहनाची नोंदणी वैध समजली जात नाही. परीक्षा आणि ओळख ही येथे एकच आहेत.

४. डिस्पोजलच्या गाड्या आणि मालमोटारीचा प्रसार

ग्रामीण भागात मालमोटार खऱ्या अर्थाने पसरली ती दुसऱ्या महायुद्धानंतर. युद्ध संपल्यावर लष्कराने जादा ठरलेली वाहने विकावयास काढली. 'डिस्पोजल' हा शब्द त्या काळी मराठीत आला आणि 'डिस्पोजलचा माल', 'डिस्पोजलची गाडी' असे प्रयोग सर्वत्र ऐकू येऊ लागले. लष्करी वाहनाची नोंद लष्कराकडे असे. नागरी मालकाच्या हाती आल्यावर तिची नव्याने नोंद करावी लागे. अशा गाडीच्या नोंदणी-पुस्तकातील 'प्रथम नोंदणी' ही तिच्या जन्माची तारीख नव्हे, नागरी आयुष्याच्या आरंभाची होय. वय सिद्ध करण्याचा प्रश्न पुढे उद्भवतो तेव्हा हा भेद अडचणीचा ठरू शकतो.

याच सुमारास देशी उत्पादनही उभे राहत होते. वालचंद हिराचंद यांच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सने कुर्ल्याच्या कारखान्यात डॉज व फार्गो जातीच्या मालमोटारी जुळविल्या. टाटांची कंपनी १९४५ मध्ये स्थापन झाली आणि १९५४ मध्ये डेम्लर-बेंझच्या सहकार्याने तिची पहिली मालमोटार बाहेर पडली. १९६९ मध्ये हे सहकार्य संपल्यावर केवळ टाटांचे नाव राहिले. पुढे बोनेट असलेल्या, डिझेलवर चालणाऱ्या या गाडीने पेट्रोलच्या अमेरिकन गाड्यांना हळूहळू मागे सारले. १९७२-७३ च्या हंगामात राज्याची कापूस एकाधिकार खरेदी योजना सुरू झाली. खरेदी केंद्र, जिनिंग कारखाना आणि गोदाम यांमधील फेऱ्यांनी मालमोटारींना काम दिले.

१९३९ च्या अधिनियमाने मालवाहकांचे दोन वर्ग केले होते. स्वतःचाच माल नेणारा तो खाजगी वाहक आणि भाडे घेऊन इतरांचा माल नेणारा तो सार्वजनिक वाहक. १९८८ च्या अधिनियमाने हा भेद सोडून दिला. गाड्यांच्या कपाळावरील 'पब्लिक कॅरियर' ही अक्षरे मात्र त्यानंतरही वर्षानुवर्षे रंगविली जात राहिली. कायद्यातून गेलेला शब्द रंगाऱ्याच्या कुंचल्यात टिकून राहिला.

या संदर्भात 'खटारा' या शब्दाचा प्रवास पाहण्याजोगा आहे. ओझे वाहणारी जड बैलगाडी हा त्याचा जुना अर्थ. गुजरातीत त्याच कुळातील 'खटारो' आज सरळ मालमोटारीचे नाव आहे, त्यात हेटाळणी नाही. मराठीत मात्र 'खटारा' म्हणजे खिळखिळी झालेली कोणतीही गाडी. मग ती मालमोटार असो की दुचाकी. एका भाषेने शब्दातील काम जपले, दुसरीने त्यातील जीर्णता. जुन्या मालमोटारीविषयी कायद्यापुढे उभा राहणारा प्रश्नही याच दोन अर्थांमधला आहे : ती ओझे वाहणारी म्हणून ओळखावयाची, की जुनी म्हणून?

५. विमा : तिऱ्हाईताचा प्रवेश

इंग्लंडमध्ये १९३० च्या कायद्याने मोटारीचा विमा सक्तीचा झाला. हिंदुस्थानात १९३६-३७ च्या मोटार वाहन विमा समितीने तशी शिफारस केली आणि १९३९ च्या अधिनियमाचे आठवे प्रकरण तिला अनुसरून आले. युद्धामुळे त्याची अंमलबजावणी लांबली आणि ते प्रकरण १ जुलै १९४६ पासून लागू झाले.

सक्ती ज्या विम्याची झाली तो वाहनाचा विमा नव्हे, ही गोष्ट आजही पुष्कळांच्या ध्यानात येत नाही. विमा उतरवणारा एक पक्ष, विमा कंपनी दुसरा पक्ष. रस्त्यावरचा अपरिचित माणूस तिसरा. मराठीत 'तिऱ्हाईत' म्हणजे ज्याचा व्यवहाराशी संबंध नाही असा माणूस. नव्या कायद्याने त्या संबंध नसलेल्या माणसालाच व्यवहाराच्या केंद्रस्थानी आणले. करारावर त्याची सही नाही, हप्ता त्याने भरलेला नाही, तरीही करार त्याच्यासाठी आहे. बोलीत 'थर्ड पार्टी' हाच शब्द रूढ झाला, आणि त्याबरोबर 'थर्ड पार्टी' म्हणजे स्वस्तातला, पोलिसाला दाखविण्यापुरता विमा, असा हिणकस अर्थही त्याला चिकटला.

तिऱ्हाईताच्या भरपाईला आरंभी मर्यादा होती. मालवाहू वाहनाच्या बाबतीत १९३९ च्या अधिनियमात ती एकूण २०,००० रुपये होती. १९६९ च्या दुरुस्तीने, २ मार्च १९७० पासून, ती ५०,००० झाली आणि १९८२ मध्ये १,५०,०००. १९८८ च्या अधिनियमाने मृत्यू व शारीरिक इजा यांच्यापुरती ही मर्यादा उठविली. दरम्यान १९७१ मध्ये सर्वसाधारण विम्याचे व्यवस्थापन सरकारने हाती घेतले आणि १ जानेवारी १९७३ पासून १०७ विमा संस्थांचे विलीनीकरण होऊन चार सरकारी कंपन्या झाल्या.

मालमोटारीत बसलेल्या माणसांचा प्रश्न मात्र अधिक गुंतागुंतीचा राहिला. खेड्यात मालमोटार ही केवळ मालाची गाडी कधीच नव्हती. आठवडी बाजाराला, लग्नाला, यात्रेला आणि मजुरीला जाणारी माणसे तिच्या हौद्यात बसून जात. १४ नोव्हेंबर १९९४ पासून लागू झालेल्या दुरुस्तीने मालाबरोबर प्रवास करणाऱ्या मालाच्या मालकाला किंवा त्याच्या अधिकृत प्रतिनिधीला संरक्षण दिले. आपल्या कापसाच्या गाठोड्यांसोबत बसलेला शेतकरी त्यामुळे विम्याच्या छत्राखाली आला. फुकट किंवा भाडे देऊन बसलेले इतर उतारू मात्र आले नाहीत. सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २००२ मध्ये आशा राणी प्रकरणात हा मुद्दा निर्णायकपणे स्पष्ट केला : मालवाहू वाहनातील अशा उतारूंसाठी सक्तीच्या विम्याची जबाबदारी कंपनीवर येत नाही. त्याच हौद्यात शेजारी बसलेल्या दोघांपैकी एकाच्या कुटुंबाला विमा कंपनीकडून भरपाई मिळेल आणि दुसऱ्याच्या कुटुंबाला ती गाडीच्या मालकाकडून वसूल करावी लागेल. मालक गरीब असेल तर त्या वसुलीचा अर्थ काय, हे सांगावयास नको.

जुन्या वाहनाच्या बाबतीत मालक कोण हाही प्रश्नच असतो. आजोबांच्या नावावरची गाडी नातू चालवितो आणि पुस्तकात नाव आजोबांचेच राहते, असे अनेक घरांत होते. कायद्याप्रमाणे नोंदलेल्या मालकाच्या मृत्यूनंतर ठराविक मुदतीत नाव बदलून घ्यावयाचे असते. नोंदणी-पुस्तकात ज्याचे नाव तोच मालक आणि भरपाईची जबाबदारी त्याचीच, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१८ च्या नवीनकुमार प्रकरणात सांगितले आहे. त्यामुळे गाडी विकूनही कागद न बदलणाऱ्या माणसाच्या डोक्यावर, ती दुसऱ्याच्या हाती असताना झालेल्या अपघाताचा बोजा येऊ शकतो.

६. ओढणे : कायद्यातील आणि रस्त्यावरील

जुन्या मालमोटारीचे दुसरे काम म्हणजे बंद पडलेले वाहन ओढून आणणे. या कामाला महाराष्ट्रात 'टोचन' म्हणतात. 'टोचन लावले', 'टोचन करून आणली' हे प्रयोग चालकांच्या तोंडी नित्याचे आहेत. हा शब्द इंग्रजी 'टोइंग चेन'पासून आला असे समजले जाते. साखळीचे नाव आधी क्रियेला मिळाले आणि मग साखळीच्या जागी दोर किंवा लोखंडी दांडा आला तरी ते बदलले नाही. मराठी 'टोचणे'शी त्याचे ध्वनिसाम्य असल्यामुळे तो परका वाटत नाही, हेही त्याच्या रुजण्याचे एक कारण असावे.

या कामाकडे कायद्याने सहानुभूतीने पाहिले आहे. मालवाहतुकीच्या परवान्याची अट ज्या वाहनांना लागू नाही, त्यांच्या यादीत बंद पडलेले वाहन ओढण्यासाठी किंवा त्यातील माल सुरक्षित जागी हलविण्यासाठी वापरलेल्या वाहनाचा समावेश आहे. शववाहिका, अग्निशामक गाडी आणि रुग्णवाहिका यांच्याच पंक्तीत त्याला बसविले आहे. मात्र ही सूट परवान्यापुरतीच. नोंदणी, योग्यता प्रमाणपत्र आणि विमा यांतून सुटका नाही. १९८९ च्या रस्ता विनियमांनी ओढण्याचे नियमही बारकाईने घातले होते : दोन वाहनांमधील अंतर पाच मीटरहून अधिक नसावे, ओढताना वेग ताशी २४ किलोमीटरच्या आत असावा, आणि ओढल्या जाणाऱ्या गाडीत परवानाधारक चालक बसलेला असावा किंवा तिची पुढची चाके जमिनीपासून उचललेली असावीत. २०१७ मध्ये नव्या विनियमांनी या नियमांची जागा घेतली.

विम्याच्या करारात मात्र या सहानुभूतीला एक धार आहे. २००२ च्या भारतीय मोटार दरपत्रकातील मालवाहू वाहनाच्या प्रमाण पॉलिसीत एका वेळी एकच बंद पडलेले वाहन ओढण्यास मुभा आहे, पण त्याबद्दल मोबदला घेतलेला नसावा. शिवाय ओढल्या जाणाऱ्या वाहनाचे किंवा त्यातील मालाचे नुकसान झाल्यास कंपनी जबाबदार नाही. शेजाऱ्याची गाडी मदत म्हणून ओढली तर ती पॉलिसीच्या आत. तेच काम पैसे घेऊन केले तर बाहेर. ज्याला हा धंदा म्हणून करावयाचा आहे त्याच्यासाठी दरपत्रकात विशेष प्रकारच्या वाहनांचा निराळा वर्ग आहे आणि त्यात अशा गाड्यांची नोंद आहे. मागे जोडलेल्या ट्रॉलीचे प्रकरण आणखी वेगळे. कायद्याच्या व्याख्येत ट्रॉली हेही वाहनच आहे आणि तिची नोंदणी व विमा स्वतंत्र. ट्रॅक्टर आणि ट्रेलर मिळून मालवाहू वाहन होते, असे सर्वोच्च न्यायालयाने २००५ मध्ये नटवर पारीख प्रकरणात ठरविले. गावच्या भाषेत 'ट्रॉली' ही ट्रॅक्टरची शेपटी असते. कायद्यात तिला स्वतःचे अस्तित्व आहे.

७. 'व्हिंटेज' या वर्गाची मर्यादा

वाहनाचे वय हा गौरवाचा विषय होऊ शकतो ही कल्पना विम्याच्या आणि नोंदणीच्या कागदांत तशी उशिरा आली. १९८८ च्या अधिनियमाने वाहनांना वयोमर्यादा घालण्याचा अधिकार केंद्र सरकारला देताना प्रदर्शन, तांत्रिक संशोधन आणि जुन्या मोटारींची फेरी या हेतूंसाठी सूट देण्याची तरतूद ठेवली. २००२ च्या दरपत्रकात १९४० च्या अखेरीपूर्वी बनलेल्या आणि व्हिंटेज अँड क्लासिक कार क्लब ऑफ इंडियाने प्रमाणित केलेल्या खाजगी मोटारींना 'व्हिंटेज' म्हटले गेले. जुलै २०२१ मध्ये केंद्रीय नियमांत भर घालून नोंदणीची स्वतंत्र व्यवस्था झाली. प्रथम नोंदणीपासून पन्नास वर्षे उलटलेल्या आणि मूळ स्वरूप राखलेल्या दुचाकी व खाजगी वापराच्या चारचाकी वाहनांना 'व्हीए' ही अक्षरे असलेला क्रमांक मिळतो. नव्या नोंदणीचे शुल्क २०,००० रुपये व पुनर्नोंदणीचे ५,००० रुपये ठरविण्यात आले. नोंदणी दहा वर्षांची. असे वाहन नित्याच्या किंवा धंद्याच्या कामासाठी रस्त्यावर आणता येत नाही. १ जून २०२२ पासून अशा मोटारीच्या तिऱ्हाईत विम्याच्या हप्त्यात निम्मी सूटही देण्यात आली.

मालमोटार या व्याख्येत बसत नाही. तिच्या तिऱ्हाईत विम्याचा हप्ता वयावर नव्हे, भारासह एकूण वजनावर ठरतो. २०२२ च्या दरांप्रमाणे ७,५०० किलोपर्यंतच्या वाहनास १६,०४९ रुपये आणि ७,५०० ते १२,००० किलोच्या वाहनास २७,१८६ रुपये. गाडी काल बनलेली असो वा १९६० ची. गाडीच्या स्वतःच्या विम्यासाठी तिची किंमत ठरवितानाही पाच वर्षांनंतरचे कोष्टक संपते आणि पुढील आकडा मालक व कंपनी यांनी आपसात ठरवावयाचा असतो. योग्यता प्रमाणपत्र दरवर्षी घ्यावे लागते. पंधरा वर्षांहून जुन्या अवजड वाहनासाठी त्याचे शुल्क १ एप्रिल २०२२ पासून १२,५०० रुपये करण्यात आले. परीक्षेत न उतरणाऱ्या वाहनाची पुढची वाट २०२१ च्या भंगार-नियमांनी आखून दिलेली आहे.

याचा निष्कर्ष असा की जुन्या मालमोटारीच्या मालकापुढे दोनच मार्ग राहतात. गाडी कामावर ठेवावयाची तर नव्या गाडीइतकाच हप्ता, तिच्याहून अधिक शुल्क आणि दरवर्षीची परीक्षा. कामावरून काढून जपावयाची तर तिला तसा दर्जा देणारा वर्गच नाही. इंग्लंडमध्ये या दोहोंमध्ये एक पायरी ठेवलेली आढळते. तेथील १९८८ च्या मालवाहू वाहन तपासणी नियमांत १ जानेवारी १९६० पूर्वी प्रथम वापरात आलेल्या मालमोटारीला वार्षिक तपासणीतून सूट होती. अट एवढीच की ती रिकामी चालवावी आणि भरलेली ट्रॉली मागे जोडू नये. म्हणजे तेथेही काम करणारी जुनी गाडी सवलतीस पात्र नव्हती. पण काम थांबविलेल्या मालमोटारीला, ती मालमोटार आहे एवढ्याच कारणाने, सवलतीबाहेर ठेवलेले नव्हते.

८. समारोप

काम करणाऱ्या वाहनाला वयाची सवलत न देण्यामागील तत्त्व योग्यच आहे. ब्रेक निकामी झालेली गाडी आठ टन ओझे घेऊन उतरणीवरून येत असेल, तर समोरच्या सायकलस्वाराला तिच्या ऐतिहासिक मूल्याचा काही उपयोग नाही. सक्तीचा विमा आणि योग्यता परीक्षा ही त्या तिऱ्हाईतासाठी आहेत, आणि १९४६ पासून कायद्याने हळूहळू जे मिळविले त्यात त्याचे संरक्षण हीच मुख्य कमाई आहे. हौद्यातून फुकट प्रवास करणाऱ्या मजुराला ते संरक्षण पुरतेपणी मिळालेले नाही, ही त्या कमाईतील उणीव होय, आणि जुन्या वाहनांच्या सवलतींपेक्षा ती अधिक गंभीर आहे.

परंतु काम संपल्यानंतरच्या मालमोटारीला स्मृतीच्या वर्गातून वगळण्यामागे असे कोणतेही कारण दाखविता येत नाही. राजे-महाराजे आणि धनिक यांच्या मोटारी इतिहास ठरल्या. ज्या गाड्यांनी वऱ्हाडाचा कापूस जिनापर्यंत नेला आणि मीटरगेजने अडलेला माल ब्रॉडगेजपर्यंत पोहोचविला, त्या भंगार ठरल्या. नियमात मालवाहू वाहनांचा एक उपवर्ग घालून, ओझे आणि भाडे यांना सक्त मनाई ठेवून, त्यांना प्रदर्शनापुरती व संशोधनापुरती नोंदणी देणे अवघड नाही. १९८८ च्या अधिनियमात हे दोन्ही हेतू आधीच नमूद आहेत. तोपर्यंत निदान त्यांची जुनी नोंदणी-पुस्तके तरी जपली पाहिजेत. एका गावाची चार राज्ये, लष्करी वाहनाचे नागरी होणे, मालकांची बदलती नावे आणि 'खाजगी वाहक' यासारखे लुप्त झालेले वर्ग यांचा एकत्र पुरावा इतक्या थोड्या पानांत अन्यत्र क्वचितच मिळेल. गाडी भंगारात देताना नोंदणी रद्द करण्यासाठी मूळ पुस्तक कचेरीत जमा करावे लागते. त्यापूर्वी त्याच्या प्रत्येक पानाची नक्कल करून ती एखाद्या स्थानिक ग्रंथालयात ठेवणे, हे प्रादेशिक इतिहासाच्या अभ्यासकांना आजच करता येण्याजोगे काम आहे.